न निवडलेल्या भागाचं काय करायचं?

आमचा कथागट पुण्यात कर्वेनगरला एकीच्या घरी शनिवारी संध्याकाळी जमतो. गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, हिंजवडीत नोकरी करणारे दोघं, फर्ग्युसनमध्ये मानसशास्त्र शिकणारा एक मुलगा, आणि सासवडहून येणाऱ्या एक ताई, ज्यांची अंजिराची बाग आहे. आम्ही खो-कथा लिहितो. एकानं सुरुवात करायची, दुसऱ्याला खो द्यायचा, त्यानं पुढचा भाग लिहायचा. सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं आणि तिथे गोष्ट टिकत नव्हती. दोन भागांच्या मध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा यायच्या, कुणाचा तरी फोन बदलला की जुने भाग जायचे, आणि गोष्ट सलग वाचायची म्हटलं तर ती कुठेच सलग नसायची. वेबसाइट करू या असं ठरलं. प्रोग्रॅमिंग हिंजवडीच्या दोघांनी घेतलं, रचना माझ्याकडे आली, कारण ॲपचे आणि वेबसाइटचे पडदे, म्हणजे स्क्रीन, आखणं हाच माझा व्यवसाय आहे.

पडदे आखण्याआधी मी आमच्या जुन्या कथा बाहेर काढल्या. चॅट उतरवून घेतलं, छापलं, प्रत्येक भाग कापून वेगळा केला आणि घरच्या जमिनीवर मांडला. असं मांडल्यावर जे दिसलं ते फोनवर कधी दिसलं नसतं. जवळजवळ प्रत्येक कथेत अशी एक जागा होती जिथे दोघांनी एकाच वेळी पुढचा भाग लिहिला होता. मग गटात थोडी चर्चा, एकाचा भाग पुढे न्यायचं ठरणार, आणि दुसरा लिहिणार, "असू दे, माझा सोडा." ज्यानं "माझा सोडा" लिहिलं, तो माणूस त्या कथेत पुन्हा फारसा दिसत नव्हता. कुणी रागावलेलं नव्हतं, भांडलेलंही नव्हतं. फक्त त्याचं लिहिणं थांबलेलं होतं. एकत्र लिहायची सोय करणं सोपं आहे, पण जे निवडलं गेलं नाही त्याचं काय करायचं, हाच या कामाचा गाभा आहे हे तिथे, जमिनीवर बसून, माझ्या मनात पक्कं झालं.

जगात हे आधी कुणी केलंय का, ते पाहिलं. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं २००७ मध्ये फिकलेट्स नावाची साइट काढली होती. १,०२४ अक्षरचिन्हांत गोष्टीचा तुकडा लिहायचा, त्याच्या पुढचा किंवा आधीचा भाग कुणीही जोडायचा. मर्यादा अगदी काटेकोर, आणि तीच त्या साइटची मजा. २००९ च्या सुरुवातीला ती बंद झाली. त्याच २००७ मध्ये पेंग्विन प्रकाशन आणि इंग्लंडमधलं डी मॉंटफर्ट विद्यापीठ यांनी विकीवर एक कादंबरी लोकांकडून लिहून घेतली. तिथे कुणीही कुणाचंही वाक्य बदलू शकत होतं. एक जण जागोजागी केळी घुसवत राहिला, आणि अखेर केळ्यांची एक स्वतंत्र आवृत्तीच निघाली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. विकिपीडियावर शंभर जण एकमेकांचं खोडून लिहितात तेव्हा त्या खोडाखोडीला एक दिशा असते. पानिपतची तिसरी लढाई १७६१ मध्ये झाली, यावर सगळ्यांना कधीतरी एकत्र यावंच लागतं. कल्पित गोष्टीत अशी बाहेरची खूण नसते. तिथे खोडणारा फक्त आपली आवड लादत असतो. म्हणून आमचा पहिला नियम ठरला: कुणाचंही लिहिलेलं कुणी पुसायचं नाही, पुढे जोडायचं.

पण नुसतं जोडत गेलं की झाड होतं, आणि झाड वाचता येत नाही. मी फांद्यांचे नकाशे काढून पाहिले: गोल, रेघा, रंग. गटाला दाखवले. शिक्षिकाबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "यात गोष्ट कुठून वाचू?" प्रश्न अगदी बरोबर होता.

उत्तर मला भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत मिळालं. ही संस्था १९१७ ची. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं, म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवण्याचं, काम तिथे १९१९ ते १९६६ असं चाललं, त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. लहानपणापासून त्या रस्त्यावरून जाताना हे ऐकलेलं होतं, पण पान कसं दिसतं ते पाहिलेलं नव्हतं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादित केलेला आदिपर्वाचा खंड, १९३३ चा, मी समोर घेऊन बसले आणि माझ्या व्यवसायातल्या कुठल्याही पुस्तकानं दिलं नसतं इतकं त्या पानांनी दिलं. वर सलग संहिता. खाली पाठभेद, म्हणजे त्याच मजकुराची निराळी रूपं, प्रत्येकाशेजारी ते कुठल्या हस्तलिखितात आहेत त्याची खूण. जे श्लोक मूळ पाठात घेतले नाहीत ते टाकून दिलेले नाहीत. तारांकित क्रमांक देऊन तळाशी छापलेत. फार मोठे उतारे असतील तर ते परिशिष्टात. आणि जिथे संपादकांना पाठाची पूर्ण खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ.

गणपतीनं महाभारत लिहून घेतलं ही गोष्ट आपल्या घराघरांत आहे. माझी लेखणी थांबता कामा नये अशी गणपतीची अट, आणि अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही अशी व्यासांची. ती गोष्ट या आवृत्तीच्या मूळ पाठात नाही, परिशिष्टात आहे. दोघांनी मिळून लिहिण्याची आपल्याकडची सगळ्यांत लाडकी कथा, आणि ती संपादकांनी बाजूला काढली. पण छापली. हवी त्याला ती आजही वाचता येते. मला आमच्या साइटसाठी नेमकं हेच हवं होतं.

त्याच आठवड्यात वाचनाचं पान ठरलं. वर कथा सलग, एकाच ओळीत जाणारी. जिथे कुणी दुसरी वाट लिहिली असेल तिथे भागाच्या शेवटच्या वाक्याखाली नागमोडी रेघ. रेघेवर बोट ठेवलं की पानाच्या खालच्या बाजूनं ‘पाठभेद’ उघडतात, पूर्ण मजकुरासह. प्रत्येक पाठभेदाखाली ‘इथून पुढे लिहा’. म्हणजे न निवडलेला भागही जिवंत, त्याला पुढे वाट आहे.

ती रेघ काढणं मात्र सोपं गेलं नाही. ब्राउझरला नागमोडी अधोरेखन येतं, पण ते रोमन लिपीच्या मापानं. देवनागरीत उकार, ऊकार, ऋकार खाली लोंबतात आणि रेघ त्यांना भिडते; टाळायला सांगितलं तर ‘कुठून तू फुलवू’सारख्या शब्दांखाली तिचे तुकडे पडतात. अखेर रेघ उकाराच्या खाली उतरवली आणि दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या पावणेदोन पट केलं. वाचणाऱ्यांनाही ते अंतर सुखावह वाटलं.

निवड कुणी करायची यावर वाद झाला. फर्ग्युसनच्या मुलाचं म्हणणं, मतं घ्या, ज्याला जास्त लाइक तो भाग वर. काकांनी विरोध केला: "ज्याचा गोतावळा मोठा त्याची गोष्ट पुढे जाईल." मला काकांचं पटलं. आमच्यासारख्या छोट्या गटात मत हे माणसाला पडतं, भागाला नाही. शेवटी कथा सुरू करणारा तिचा सूत्रधार आणि निवड त्याची, असं ठरलं. पण एक अट मी हट्टानं घातली. निवड करताना सूत्रधारानं कारण लिहायचं, आणि ते रिकामं ठेवून पुढे जाता येत नाही. ‘या वळणावर आईला सत्य कळलं तर पुढे लिहायला काही उरत नाही, म्हणून दुसरा भाग घेतला,’ असं एक वाक्य पाठभेदाशेजारी कायम दिसतं. ज्याचा भाग घेतला नाही त्याला निदान कळतं की त्याचं लिहिणं कुणीतरी नीट वाचलं होतं.

लिहिण्याच्या पद्धतीचा निर्णय त्यामानानं लवकर झाला. एकाच कागदावर अनेकांनी एकाच क्षणी लिहिण्याचं तंत्र निदान १९८९ पासून अभ्यासलं गेलंय, गूगल डॉक्समुळे ते सगळ्यांच्या हातात आहे, आणि आमच्या प्रोग्रॅमरना त्याचं आकर्षण होतं. शिक्षिकाबाईंनी एका वाक्यात ते मागे घ्यायला लावलं. "मी चार वेळा खोडते तेव्हा कुठे एक वाक्य येतं, ती खोडाखोड कुणी बघत असेल तर मी लिहूच शकणार नाही." म्हणून खो एका वेळी एकाकडेच. तो चार दिवस त्याचा, मग मोकळा. कच्चा मजकूर फक्त लिहिणाऱ्यालाच दिसतो. पाठभेद मात्र कुणीही, कुठल्याही जुन्या भागापासून, कधीही लिहू शकतं. बटणावर ‘खो घेतो’ असं क्रियापद ठेवलं तर आधी बाई की पुरुष हे विचारावं लागतं, म्हणून ‘खो माझ्याकडे’.

भागाची लांबी अक्षरांत मोजायची की शब्दांत? ‘क्षितिज’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणक क, हलन्त, ष, वेलांटी असं सुटं सुटं धरून सात मोजतो. जोडाक्षरं जास्त वापरणाऱ्याला त्यात नाहक शिक्षा होते. आम्ही शब्द मोजतो, १५० ते ५००.

देवनागरीनं आम्हाला खरा घाम फोडला तो शोधाच्या पेटीत. सासवडच्या ताईंनी सुरू केलेली कथा कऱ्हाकाठची. पेटीत ‘कऱ्हा’ लिहिलं की निम्मेच भाग सापडायचे. डोळ्यांना सगळीकडे एकच कऱ्हा दिसत होती. आत पाहिलं तर काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात, आणि काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह असे तीन घटक टाकतात. दिसायला दोन्ही सारखेच. ‘ॲ’चंही तसंच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ आवृत्तीत, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे आणि अजूनही कित्येक जण तसंच लिहितात. एकाच अक्षराची निराळी रूपं एकसारखी करण्याचं युनिकोडचं ठरावीक सामान्यीकरण या दोन जोड्या एक करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. मजकूर साठवताना आम्ही दोन्ही रूपं एकाच रूपात आणतो. न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकावीत असा सोपा सल्ला मिळाला होता, तो आम्ही ऐकला नाही. ‘वाक्‌प्रचार’मधला पाय मोडलेला क त्यांच्याच जोरावर उभा असतो.

वाचनाच्या मजकुराला टिरो देवनागरी मराठी हा फॉण्ट घेतला, बटणांना ‘मुक्त’ नावाचा. पानाची भाषा मराठी आहे हे पानाच्या कोडमध्ये नमूद करावं लागतं, कारण काही फॉण्ट ते पाहून मराठी वळणाचे ल आणि श देतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. तयार साच्यातून घेतलेल्या शीर्षकांत अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली होती; इंग्रजीत ती देखणी दिसते, आपल्याकडे शिरोरेखा तुटते. ती शून्य केली. साइट मराठीत करायची असेल तर ही कामं पहिल्या दिवसापासून धरावी लागतात, नंतर लावायचा रंग म्हणून ती होत नाहीत, असं माझं ठाम मत झालंय.

चाचणी शनिवारीच, चहाच्या आधी, प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर घ्यायचो. काकांच्या फोनवर अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवलेला, त्यात ‘खो माझ्याकडे’ बटण पडद्याबाहेर जायचं. सगळी मापं अक्षराच्या आकाराशी बांधली तेव्हा ते जागेवर आलं. काका टंकत नाहीत, फोनला बोलून सांगतात. मजकूर बरा येतो, पण विरामचिन्हांविना, सगळी कथा एका दमात. त्यांच्यासाठी लिहिण्याच्या जागेवर चिन्हांची एक पट्टी दिली: पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, नवा परिच्छेद. आता ती सगळेच वापरतात.

गोष्टीतलं सातत्य राखण्यासाठी प्रत्येक कथेला एक पात्रवही जोडली: कोण कुणाचं कोण, वय, गाव, कथेत कुठला महिना चालू आहे. सगळ्यांत उपयोगी पडलेला रकाना म्हणजे ‘कुणाला काय माहीत आहे’. रहस्य असलेल्या कथेत तिसऱ्या लेखकाला हे आठवत नाही की धाकट्या भावाला पत्राबद्दल अजून कळलेलं नाही. वही भरा असं सांगून कुणी भरत नाही, म्हणून भाग पाठवल्यावर साइट तीन प्रश्न विचारते: नवीन कोण आलं? वेळ किती पुढे सरकली? कुणाला नवं काय कळलं? एवढ्यानं वही भरत जाते. कऱ्हाकाठच्या कथेत एका भागात भर श्रावणात अंजिरं उतरवली जात होती. ताईंनी लगेच सुचवणी पाठवली, अंजिराचा मीठा बहार, म्हणजे गोड फळांचा हंगाम, उन्हाळ्यात येतो, श्रावणात मजूर दुसऱ्या कामाला लावा. लेखकानं महिना बदलला नाही, काम बदललं, आणि तो प्रसंग पहिल्यापेक्षा चांगला झाला.

सुचवणी ही दुसऱ्याच्या मजकुराला हात लावायची एकमेव वाट आहे, आणि ती स्वीकारायची की नाही हे मूळ लेखक ठरवतो. बाईंनी ताईंच्या एका संवादातलं ‘म्हनला’ बदलून ‘म्हणाला’ सुचवलं. ताईंनी नाकारलं आणि कारणात लिहिलं, "माझा गडी शाळेत गेलेला नाही." बाईंनी ते मान्य केलं. त्यानंतर अवतरणचिन्हांच्या आत शुद्धलेखन तपासणी आम्ही बंदच केली. निवेदनात ‘होते’ लिहायचं की ‘होतं’, हे सूत्रधार कथा उघडतानाच ठरवतो, कारण दर पाचशे शब्दांनी ते बदललं की वाचणारा अडखळतो.

नावांचा प्रश्न नाजूक होता. प्रत्येक भागावर लेखकाचं नाव असावं असं काकांना वाटे, तर फर्ग्युसनचा मुलगा म्हणे, नाव दिसलं की लोक आधी माणूस वाचतात. मला या ठिकाणी जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाची आठवण झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या त्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आहेत, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव आहे. ओवी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांची असते, तरी ती आज कुणाच्या तोंडून आली हे त्यांनी हरवू दिलं नाही. आम्ही वाचताना नावं झाकली, समासावर बोट ठेवलं की दिसतात, आणि कथेच्या शेवटी सगळी नावं येतात. त्यात ज्यांचा फक्त पाठभेद आहे तेही असतात.

हक्कांसाठी ओळखीतल्या एका वकील मैत्रिणीकडे बसलो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची व्याख्या आहे, पण ती अशा कामाला लागते जिथे एकाचं योगदान दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. आमचे भाग तर स्वच्छ वेगळे काढता येतात. म्हणून आम्ही ज्याचा भाग त्याचा हक्क असं धरून चाललो, आणि पूर्ण कथा कुणाला छापायला द्यायची तर प्रत्येकाची लेखी परवानगी घ्यायची. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, हेही तिनं दाखवलं. म्हणून आमच्या संमतीपत्रात मुदत लिहिलेली असते. सगळं मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरायला, सोडावं अशी एक सूचना होती आणि मला ती मनापासून आवडत होती. पण बाईंना कथा दिवाळी अंकाला पाठवायची होती, आणि मुक्त परवान्याखाली आधीच सगळ्यांच्या हातात असलेली कथा घ्यायला संपादक कचरले असते. लिहिणाऱ्यांची इच्छा वरचढ ठरली, तशीच ठरायला हवी होती.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका वाक्यावर: मध्येच कुणाला आपला भाग काढून घ्यायचा असेल तर? पुढचे पाच भाग त्यावर उभे असतात. शेवटी सोप्या मराठीत असं लिहिलं: ‘तुमच्या भागाला पुढचा भाग जोडला जाईपर्यंत तो तुम्ही काढून घेऊ शकता. त्यानंतर नाव काढता येईल, मजकूर या साइटवर राहील.’ खो घेताना हे प्रत्येक वेळी दिसतं, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आणि पत्ता द्यायचा असतो, पोच आणि निकाल ठरावीक मुदतीत. ती जबाबदारी काकांनी आपणहून घेतली.

साइट आता चालू आहे. जुन्या चॅटमधल्या कथाही आम्ही तिच्यावर चढवल्या, सोडलेल्या भागांसकट, ज्याच्या त्याच्या परवानगीनं. पूर्वी ‘माझा सोडा’ म्हणणारा हिंजवडीचा एक जण स्वतःच्याच त्या जुन्या पाठभेदापुढे लिहू लागला. मग बाईंनी त्याच्यापुढे लिहिलं, मग ताईंनी. आज ती फांदी मूळ कथेपेक्षा लांब झालीय, आणि वाचणारे तिच्यावरच जास्त वेळ थांबतात. आता तिला वर आणून मूळ कथेला पाठभेद करायचं, की तिची स्वतंत्र कथा करून हिंजवडीच्या त्या लेखकाला सूत्रधार करायचं? दोन्हींसाठी लागणारे पडदे मी कागदावर काढलेत. स्वतंत्र कथा केली तर पहिले चार भाग दोन्हीकडे दिसतील, आणि त्या चौघांची संमती पुन्हा घ्यावी लागेल. त्यातल्या तिघांचा होकार आलाय, काकांना आधी पूर्ण फांदी वाचून काढायची आहे.